स्पर्धा परीक्षेच्या वाटेवरचे मन आणि जिवावर बेतणाऱ्या सवयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या भागांत दर वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून हजारो मुले-मुली स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येऊन राहतात. कॉट बेसिसवर घेतलेली जागा, दोन वेळची मेस आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची, एवढ्या जगात त्यांची तीन-चार, कधी सात-आठ वर्षे जातात. या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी समुपदेशनाच्या निमित्ताने बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडलेल्या इतर तरुणांनाही त्यांतील बहुतेक लागू पडतील.

जीव संपवण्याचे विचार आत्ता मनात येत असतील, तर पुढचे वाचत बसू नका. १४४१६ हा शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यावर मराठीत बोलता येते. शक्य असेल तर शेजारच्या खोलीतील कुणालाही उठवा आणि एकटे राहू नका.

जोखमीच्या सवयी म्हणजे नेमक्या कोणत्या आणि त्यांचा मनाशी संबंध काय?

तंबाखू, मावा, सिगारेट, दारू, गांजा, रात्र-रात्र जागरण, उपाशी राहणे, मोबाईलवर पैसे लावून खेळणे, भरधाव गाडी हाकणे आणि स्वतःच्या शरीराला इजा करणे, या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. या सवयींकडे आपण सहसा चारित्र्याचा दोष म्हणून पाहतो: मुलगा वाया गेला, संगत बिघडली, पुण्याची हवा लागली. पण समोर बसलेल्या मुलाला "हे पहिल्यांदा कधी केलंस आणि त्या दिवशी काय झालं होतं?" असे विचारले, की बहुतेक वेळा निकालाचा दिवस, घरून आलेला एखादा फोन, मोडलेले नाते किंवा सलग अनेक रात्रींची उडालेली झोप यांतले काहीतरी बाहेर येते. सवय हा पुष्कळदा त्या त्रासावर त्याने स्वतःच शोधलेला घरगुती इलाज असतो. तो इलाज घातक असतो, पण दुखणे खरे असते. म्हणून केवळ सवयीवर ओरडून भागत नाही; आणि केवळ मनाचे बोलून सवय तशीच ठेवली तरीही भागत नाही, कारण काही महिन्यांनी सवयच नवा त्रास निर्माण करू लागते.

हे सगळे नेमके याच वयात का होते?

मानसिक आजारांपैकी निम्म्याहून अधिक आजारांची सुरुवात वयाच्या पंचविशीच्या आत होते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो परिणामांचा विचार करतो आणि मोहाला आवर घालतो, तो साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. आनंद आणि उत्तेजना शोधणारे भाग मात्र त्याच्या बरेच आधी जोमाने काम करू लागतात. त्यातच घर सुटते. जेवला का, झोपला का, एवढे विचारणारे माणूस आसपास राहत नाही आणि हातात येणाऱ्या मोजक्या पैशांचा हिशेब आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःला ठेवावा लागतो. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला याशिवाय एक वेगळे ओझे असते. त्याच्या बरोबरीचे मित्र कमावते होतात, त्यांची लग्ने होतात आणि सणाला गावी गेल्यावर पारावर एकच प्रश्न विचारला जातो, "काय, लागला का निकाल?" पुष्कळ मुले याच प्रश्नाला भिऊन दिवाळीतही गावी जात नाहीत.

परीक्षेचा ताण तर सगळ्यांनाच असतो. आजार आहे हे कसे ओळखायचे?

ताण प्रसंगाबरोबर येतो आणि प्रसंग सरला की बहुधा ओसरतो. नैराश्य ओसरत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहत असेल किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला असेल, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता, अंगातील ताकद किंवा स्वतःविषयीचे मत यांत बिघाड झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

अडचण अशी आहे की मुले "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, "डोकं चालत नाही", "वाचलेलं राहत नाही", "नुसता कंटाळा येतो", "छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल आला". मुलांच्या बाबतीत उदासीपेक्षा चिडचिड आधी दिसते. रूममेटशी पंख्यावरून भांडण होते, मेसच्या मावशींवर आवाज चढतो, फोन उचलणे बंद होते. एक मुलगा तीन आठवडे रोज वेळेवर अभ्यासिकेत येत होता, पण त्याच्या वहीवर रोज फक्त तारीख लिहिलेली असायची. खाली एक ओळही नसायची. शेजारी बसणाऱ्याच्या ते लक्षात आले, म्हणून पुढचा प्रसंग टळला. हजेरी पाहून माणूस ठीक आहे असे समजू नये.

तंबाखू किंवा सिगारेटने डोके शांत होते आणि अभ्यासात लक्ष लागते. हे खरे नाही का?

तसे वाटते हे खरे आहे, आणि का वाटते ते समजून घेतल्याशिवाय कुणीही ती सोडत नाही, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

सिगारेटमधील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तंबाखू मळून दाढेत धरली तर थोडा अधिक वेळ लागतो. मेंदूला त्याची सवय झाली, की रक्तातील त्याचे प्रमाण घटू लागताच बेचैनी, चिडचिड आणि लक्ष विचलित होणे सुरू होते. हे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. म्हणजे अभ्यासिकेत सकाळी आठला बसलेला मुलगा दहाच्या सुमारास अस्वस्थ होतो, खाली टपरीवर जातो, चहाबरोबर सिगारेट ओढतो आणि वर येऊन ताजेतवाने वाटते असे सांगतो. प्रत्यक्षात त्या सिगारेटने आधीच्या सिगारेटमुळे आलेली बेचैनी तेवढी मिटवलेली असते. परीक्षेचा ताण होता तिथेच असतो. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात, त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत बराच कमी होतो, आणि सोडून टिकलेल्या लोकांत चिंता व उदासी वाढण्याऐवजी कमी झालेली आढळते.

महाराष्ट्रात धुरापेक्षा न जाळता खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूचा प्रश्न कितीतरी मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के होते; काही जण दोन्ही करत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मावा आणि विदर्भातला खर्रा ही तंबाखू-सुपारीची मिश्रणे मुलांच्या खिशातून गेलेली नाहीत. शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने मनाई आहे हेही बहुतेकांना ठाऊक नसते. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरलेली आहे. तुमची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. ती मावत नसतील, तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होत असेल किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसत असेल, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा शासनाचा विनामूल्य क्रमांक आहे.

आठवड्यातून एकदाच, शनिवारी मित्रांबरोबर पितो. त्यात काय बिघडले?

महिन्यातून किती वेळा यापेक्षा एका बैठकीत किती आणि कशासाठी, हे प्रश्न मी आधी विचारतो. एकाच रात्री भरपूर पिणे हा तरुणांमधला सर्वांत सर्रास दिसणारा प्रकार आहे, आणि भांडणे, असुरक्षित संबंध, अपघात व आत्मघाताचे प्रयत्न या गोष्टी त्याच रात्री घडतात. दारूने संकोच सुटतो, त्याबरोबर आवरही सुटतो. ज्याच्या मनात आधीच मरणाचे विचार घोळत आहेत, त्याच्यासाठी ती रात्र फार धोक्याची असते.

दारूने झोप येते असे म्हणतात. झोप लवकर लागते, पण स्वप्नांची झोप दबते, पहाटे दोन-तीनला जाग येते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिक खिन्न राहते. ती खिन्नता घालवायला पुढच्या शनिवारची वाट पाहिली जाते. आणि काही काळाने शनिवारची वाट पाहणे बंद होते.

महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळणे हा गुन्हा आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत तरुणांचा वाटा मोठा होता.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. रोज पिणाऱ्या माणसाने जिद्दीने एका दिवसात दारू बंद करू नये. हात थरथरणे, घाम, भास आणि झटके येऊ शकतात व ते जीवघेणे ठरू शकते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

गांजा तर वनस्पती आहे. तो दारूपेक्षा बरा नाही का?

धोतराही वनस्पतीच आहे. गांजा नियमित ओढणाऱ्यांत, विशेषतः किशोरवयात सुरुवात केलेल्यांत, भास होणे, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवत आहे असे ठामपणे वाटणे, अशा गंभीर मनोविकारांचा धोका वाढतो. घरात कुणाला असा आजार झाला असेल, तर त्या मुलाने एकदाही हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले तरी स्मरणशक्ती आणि इच्छाशक्ती या दोन्ही मंदावतात.

गांजा आणि चरस जवळ बाळगणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पकडले जाऊ या भीतीने उपचार टाळू नका.

परीक्षा जवळ आली की रात्रभर जागावेच लागते. त्याला इलाज काय?

सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची गती मोजली, तेव्हा ती १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही मंद निघाली. कायद्याची मर्यादा ३० आहे हे वर आलेच. पहाटे चारला अभ्यासिकेतून दुचाकीवर खोलीकडे निघालेल्या मुलाने हे लक्षात ठेवावे, आणि ज्याला सकाळी दहाला पेपर सोडवायचा आहे त्यानेही.

या वयात सात ते नऊ तास झोप लागते. दिवसभर वाचलेले पक्के बसवण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. त्यामुळे झोप कापून वाचणे म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणे आहे. चहा, कॉफी आणि एनर्जी ड्रिंकमधील कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तास शरीरात उरतो, म्हणून रात्री दहाचा कप पहाटे तीनपर्यंत पुरतो. दुपारी चारनंतर तो बंद करून पाहा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, मग आदल्या रात्री कितीही वाजता झोपलेला असाल.

अनेक रात्री अगदी कमी झोपूनही थकवा न येणे, विचार भरधाव धावणे, पैसे उधळणे आणि आपण काहीही करू शकतो असे वाटणे, हे मात्र जागरणाचे लक्षण नव्हे. त्यासाठी ताबडतोब मनोविकारतज्ज्ञ गाठावा.

मोबाईलवर पैसे लावून खेळणेही यात येते का?

येते, आणि त्याची कबुली सर्वांत उशिरा मिळते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली, तरी आधीची कर्जे आणि आडमार्ग उरलेले आहेत. मुलाने मेसचे पैसे थकवले, मित्रांकडून हजार-दोन हजार करून उसने घेतले, घरी क्लासच्या नव्या फीचे कारण सांगितले, तर हा प्रश्न नावानिशी विचारावा. कर्जाचा पूर्ण आकडा कागदावर लिहून घरातल्या एका विश्वासू माणसाला दाखवणे ही पहिली पायरी असते. आकडा लपून राहतो तोवर जिवाचा धोका टिकून राहतो.

मुलींचे प्रश्न वेगळे असतात का?

दुःख तेच, पण वाट पुष्कळदा वेगळी. टपरीवर उभे राहण्याची मुभा नसल्याने मुलींचा त्रास खोलीत बंद राहतो: जेवण सोडणे, खाऊन उलट्या काढणे, हातावर वार करून लांब बाह्यांनी ते झाकणे, डोकेदुखीच्या आणि झोपेच्या गोळ्या मनाने घेत राहणे. "यंदा नाही झालं तर लग्न" ही घरची मुदत अनेकींच्या डोक्यावर परीक्षेच्या तारखेपेक्षा जड असते. स्वतःला इजा करणाऱ्या मुलीला "नाटक करतेस" असे म्हणू नये. बहुतेक वेळा ती मरण्यासाठी नव्हे, तर असह्य भावना थोडा वेळ सुसह्य करण्यासाठी तसे करते. तरीही पुढे आत्मघाताचा धोका वाढवणारी ही गोष्ट आहे, म्हणून ती कधीही क्षुल्लक मानू नये.

मित्र मरणाची भाषा बोलतो आहे. मी काय करू?

त्याला सरळ विचारा: "जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का?" असे विचारल्याने विचार डोक्यात घुसेल ही समजूत चुकीची आहे, विचारल्यावर बहुतेकांना हलके वाटते, कारण तो शब्द कुणीतरी प्रथमच मोठ्याने उच्चारलेला असतो. उत्तर "हो" आले, तर दचकू नका, उपदेश करू नका आणि आईवडिलांची शपथ घालू नका. ऐका. नंतर विचारा की काही ठरवले आहे का, कधी, आणि त्यासाठी काही जवळ ठेवले आहे का. ठरवलेले असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका, धोक्याची वस्तू त्याच्यापासून दूर करा, १४४१६ वर त्याच्यासमोर बोला किंवा त्याला थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. जीव धोक्यात आला असेल तर १०८ ला फोन करा.

तो म्हणेल, "कुणाला सांगू नकोस." हे वचन देऊ नका. "मी गावभर करणार नाही, पण तुला वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन," इतके प्रामाणिकपणे सांगा. मैत्री काही दिवस दुरावली तर दुरावू द्या.

बोलण्यापलीकडच्या खुणाही असतात. जपून ठेवलेली पुस्तके अचानक वाटून टाकणे, सगळ्यांचे उसने फेडणे, खूप दिवसांच्या तगमगीनंतर एकाएकी शांत होणे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. आणि देशातील या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश १८ ते ३० या वयातले होते. या वयाच्या माणसाच्या आसपास सर्वाधिक वेळ कोण असते? आईवडील नव्हेत, रूममेट असतो. हे उत्तर लांबवले आहे ते त्यासाठीच.

प्रयत्न केलेल्या माणसावर पोलीस केस होते का?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर त्यासाठी खटला चालवून शिक्षा करता येत नाही आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. रुग्णालयात अशा प्रसंगाची नोंद होते आणि पोलीस जबाब घेऊ शकतात, त्याने घाबरून जाऊ नये. पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास उशीर करणे हीच सर्वांत मोठी चूक आहे.

कुणाकडे जायचे आणि खर्च किती येतो?

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि तेच औषधे लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. समुपदेशक बोलून मदत करतात. त्यांचे प्रशिक्षण कोठे झाले हे निःसंकोच विचारावे.

पैशांची अडचण असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो आणि तेथे केसपेपर अगदी अल्प दरात निघतो. जिल्हा रुग्णालयांतही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सेवा मिळते. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत व त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात कुणीही जाऊ शकते. "येरवड्याला जाऊन आला" ही थट्टा ज्या वयात आपण शिकतो, त्याच वयात तेथे जाण्याची गरज पडू शकते, याचे मला फार वाईट वाटते. गोव्यात बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. गोव्यातच संगथ या संस्थेने, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोजक्या बैठकींत केलेल्या समुपदेशनाने नैराश्य आणि घातक मद्यपान या दोन्हींत फरक पडतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दाखवून दिले. त्यातील नैराश्यावरची पद्धत ऐकायला साधी आहे: मन होईल तेव्हा कामाला लागू असे न म्हणता, छोटे काम आधी ठरवून करायचे, मग मन मागून येते.

गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर घ्याव्या लागतात, असे म्हणतात?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात, आणि पुष्कळ मुले दहाव्या दिवशी "फरक नाही" म्हणून त्या बंद करतात. बरे वाटल्यावरही पहिल्या वेळेस सहा महिने किंवा अधिक काळ त्या चालू ठेवण्यास सांगितले जाते. नंतर डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. मनाने एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ आणि बेचैनी येऊ शकते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा आत्मघाताचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांनी किंवा रूममेटने लक्ष ठेवावे आणि तसे दिसताच डॉक्टरांना कळवावे. झोपेच्या व घबराटीच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नयेत आणि मित्राच्या तर मुळीच घेऊ नयेत.

घरी किंवा पुढे नोकरीच्या ठिकाणी कळेल का?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. रुग्णाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश, अशा मोजक्या कारणांखेरीज डॉक्टर माहिती बाहेर देऊ शकत नाहीत. पहिल्या भेटीतच हा प्रश्न डॉक्टरांना विचारा.

आम्ही आईवडील गावी. फोनवरून काय करणार?

पुष्कळ करता येते. रोजच्या फोनमधला पहिला प्रश्न बदला. "अभ्यास कसा चाललाय?" याचे उत्तर "चाललाय" एवढेच येते आणि फोन तिथेच संपतो. "आज जेवायला काय होतं?" असे विचारले तर मुलगा मेसवर बोलतो, मेसवरून मित्रांवर येतो, आणि तो गेले चार दिवस मेसला गेलाच नाही हेही अशा बोलण्यातूनच कळते. शेत विकले, दागिने मोडले, हे त्याला ठाऊक असते. प्रत्येक फोनवर त्याची आठवण करून देऊ नका. एका आईने पोराला एवढेच सांगितले होते, "नापास होऊन आलास तरी उंबरा तोच हाय." तो मुलगा ते वाक्य समुपदेशनाच्या खोलीत सांगताना रडला, आणि त्या संध्याकाळी त्याने घरी फोन करून पहिल्यांदा तंबाखूचे आणि झोपेचे खरे सांगितले.

व्यसन कळले तर लगेच पैसे तोडू नका आणि "लग्न करून टाकू, सुधारेल" हा विचार तर मनातही आणू नका. त्यात दुसऱ्या घरची मुलगी भरडली जाते. एकदा पुण्याला या, दोन दिवस राहा, त्याच्याबरोबर मेसमध्ये जेवा. डॉक्टरांकडे जायचे ठरले तर बाहेर बाकावर बसा, आत त्याला एकट्याला बोलू द्या. आणि परीक्षा सोडून दुसरी वाट धरण्याची मुदत व पर्याय हे शांतपणे, निकालाच्या दिवशी नव्हे, त्याच्याशी मिळून ठरवा.

दोनदा सोडले, दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाले. आता काय उपयोग?

घसरणे हा बरे होण्याच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा आहे. कोणत्या दिवशी, कुणाबरोबर, कशानंतर घसरलो हे लिहून काढा. तिसऱ्या वेळी तेवढी जागा आधी बुजवता येते. पुण्यात १९८६ पासून काम करणारे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे नव्याने आलेल्यांना सोबत करतात, आणि ज्याने स्वतः सोडून दाखवले आहे त्याचे म्हणणे मुले ऐकतात. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा क्रमांकही आहे.

अभ्यासिका आणि क्लास चालवणाऱ्यांनी काय करावे?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमणे अपेक्षित आहे, आणि हे निर्देश कोचिंग क्लासनाही लागू आहेत. गुणांनुसार वेगळ्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे यांवरही न्यायालयाने बोट ठेवले आहे. लहान अभ्यासिकेला समुपदेशक परवडणार नाही हे मान्य. पण रात्री अकराला दिवे मालवता येतात, जिन्याखाली पुडी विकणाऱ्याला हटवता येते, आणि सलग तीन दिवस न आलेल्या मुलाला चौथ्या दिवशी फोन करता येतो. खुर्ची दुसऱ्याला द्यायची म्हणून नव्हे, तो कसा आहे हे विचारण्यासाठी. निकालाच्या दिवशी रात्री अभ्यासिका उघडी ठेवा आणि कुणीतरी मोठे माणूस तेथे बसू द्या.

१४४१६ हा क्रमांक दारातल्या फलकावर, जाहिरातींच्या गर्दीत लावू नका. तिथे थांबून तो वाचण्याचे धाडस कुणी करत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने, कडीच्या वर, डोळ्यांच्या उंचीला चिकटवा.